डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर : गर्भ राखणारा टाका



दिवस राहावेत, चार-पाच महिने सुखरूप जावेत आणि मग फारशा कळाही न येता गर्भ गळून पडावा, हे दुःख काही मातांच्या वाट्याला पुन:पुन्हा येते. जालना जिल्ह्यातील टेंभुर्णी असो वा मुंबई, अशा स्त्रीलाच दोष देण्याची रीत जुनी आहे. या दुःखाचे एक कारण शरीररचनेत शोधून त्यावर उपाय करणारे शल्यविशारद म्हणजे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

त्यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते १९२७ साली एम.डी. झाले, १९३१ साली इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. पुढे १९४० ते १९५५ या काळात ते ग्रँटमध्येच प्राध्यापक होते.

गर्भाशयाचे मुख प्रसूतीपर्यंत घट्ट मिटलेले असावे लागते. काही स्त्रियांमध्ये ते दुर्बल असते व वाढत्या गर्भाचा भार न पेलल्याने अवेळीच उघडते. मग ते बांधूनच ठेवले तर? आज हा विचार अगदी साधा वाटतो. परंतु गर्भ पोटात असताना तेथे शस्त्र लावणे हे धाडसच होते. डॉ. शिरोडकरांनी मूत्राशय अलगद वर सारून गर्भाशयमुखाभोवती, आतील तोंडाच्या पातळीवर, टाका घातला. बांधण्याची पट्टीही त्यांनी त्याच मातेच्या मांडीतून घेतली. तेथील स्नायूंवरील चिवट आवरणाची. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही शस्त्रक्रिया जगभर ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखली जाते. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅकडोनाल्ड यांनी अधिक सोपी पद्धत मांडली.

मात्र हा टाका प्रत्येक गर्भपातावरचा उपाय नव्हे. मुख दुर्बल असेल तरच तो उपयोगी, म्हणून पूर्वीचा गर्भपात कितव्या महिन्यात व कसा झाला हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. टाका बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घालतात आणि नैसर्गिक प्रसूती व्हायची असल्यास नवव्या महिन्यात काढतात. त्याआधी कळा, रक्तस्राव वा पाणी जाणे सुरू झाल्यास घरी थांबू नये. टाका तसाच राहिला तर मुख फाटू शकते.

डॉ. शिरोडकरांना १९६० साली पद्मभूषण, तर १९७१ साली पद्मविभूषण लाभले. त्याच वर्षी ७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले. शिरोडा या गावाचे नाव मात्र त्यांच्या टाक्यामुळे जगभरच्या प्रसूतिगृहांत आजही घेतले जाते.