विश्लेषण : आपल्याच पेशींच्या पोटात लपणारा प्लेगचा जंतू आणि हाफकिन यांची लस

प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत ३६ वर्षांच्या एका शास्त्रज्ञाने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. परळची हाफकिन संस्था अनेकांना माहीत असते; हाफकिन कोण, हे मात्र फार थोड्यांना.

गुरूंनी काय शोधले होते?

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. तिथल्या विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह त्यांचे शिक्षक होते. याच मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले आणि काट्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. जंतूंना गिळून पचवणाऱ्या भक्षक पेशींची कल्पना त्यातूनच पुढे आली. ज्यू असल्यामुळे ओडेसात हाफकिन यांची पुढची वाट बंद होती. त्यामुळे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि सुरुवातीला तिथल्या ग्रंथालयात काम केले. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले.

प्लेगचा जंतू पेशींना कसा मारतो?

मुंबईत गाठ पडली ती गुरूंच्या भक्षक पेशींनाच चकवणाऱ्या जंतूशी. पिसू चावली की हा जंतू त्वचेत शिरतो. काही पेशी त्याला गिळून मारतातही. पण मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींत गेलेले काही जंतू मरत नाहीत. पेशीच्या ज्या पिशवीत जंतू पचायला हवा, ती आम्लधर्मी होऊच नये याची सोय तो करतो आणि आतच वाढतो. एव्हाना शरीराच्या ३७ अंश तापमानामुळे त्याच्यावर प्रथिनांचे कवच चढते. बाहेर पडलेला जंतू मग सहज गिळता येत नाही. शिवाय त्याच्याकडे इंजेक्शनच्या सुईसारखी यंत्रणा असते. तिच्यातून तो भक्षक पेशींत प्रथिने सोडतो. काही प्रथिने पेशीची गिळण्याची क्षमता बंद पाडतात, तर एक तिला थेट मरणाच्या मार्गाला लावते. काखेत, जांघेत येणारी प्लेगची गाठ म्हणजे या लढाईत सुजलेली लसिका ग्रंथी.

सुईसारख्या या यंत्रणेचा उलगडा हाफकिन यांच्यानंतर कित्येक दशकांनी झाला. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत आले, तेव्हा हाताशी होती ग्रँट मेडिकल कॉलेजमधली छोटी प्रयोगशाळा. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी जंतू वाढवले. तुपाखाली त्यांचे झुंबरासारखे झुबके लोंबत. मग उष्णता देऊन जंतू मारले, की झाली लस! मेलेला जंतू पेशी मारू शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. संरक्षण पूर्ण नव्हते आणि काही महिनेच टिकायचे. तरीही भायखळ्याच्या तुरुंगातल्या चाचणीत लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी आढळला आणि लाखो लोकांनी ती घेतली.

मुलकोवालमध्ये काय घडले?

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या या गावात एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेले. वास्तविक, गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे बाजूने उभे राहिल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. एका चिमट्यापायी पाच वर्षे गेली.

ते भारतात परतले, पण परळला नाही, कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.