जात्यावरची कवयित्री

तुम्ही रोज पुस्तक वाचता, वहीत लिहिता. पण ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, अशा एका थोर कवयित्रीची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव बहिणाबाई चौधरी.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी आजच्या जळगाव जिल्ह्यातील असोदे या गावी झाला. त्या काळी खेड्यातील मुलींना शाळेत पाठवत नसत. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. जळगावच्या नथूजी चौधरी यांच्या घरी त्या सून म्हणून आल्या. शेत, चूल आणि जाते हेच त्यांचे जग झाले.

जाते म्हणजे तुमची चक्की. पहाटे दळताना बायका ओव्या म्हणत. दख्खनी भाषेतही अशी गाणी आहेत. त्यांना चक्कीनामे म्हणतात. चारचौघांत स्त्रीला मोकळेपणाने बोलता येत नसे. जात्यापाशी मात्र तिला कोणी अडवत नसे. माहेरची आठवण, सासरचे दुःख ती ओवीत सांगे. बहिणाबाईंनी याच ओवीत स्वतःची गाणी रचली.

वयाच्या तिसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पदरात तीन मुले होती. विधवेने कुंकू लावू नये, बांगड्या घालू नयेत, असा तेव्हा रिवाज होता. बहिणाबाई रडल्या, पण खचल्या नाहीत. बांगड्या गेल्या तरी हातांचे बळ गेलेले नाही, हे त्यांनी गाण्यातून सांगितले. एका गाण्यात तर त्या ज्योतिषालाही दारातून परत पाठवतात. त्यांचा विश्वास नशिबापेक्षा कष्टांवर अधिक होता.

त्या आपल्या खानदेशी बोलीत गात. मुलगा सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी काही गाणी वहीत उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. गाणी वाचून अत्रे थक्क झाले. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. कधीही शाळेत न गेलेल्या या स्त्रीचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले.

मित्रांनो, वहीत उतरली ती गाणी वाचली. राहिली ती हरवली. तुमची दादी किंवा नानी एखादे जुने गाणे गुणगुणत असेल, तर तिच्याजवळ बसा. ते नीट ऐका आणि आजच वहीत लिहून ठेवा.