घोड्यावरची नजर

धुळ्याहून जळगावकडे एसटीने निघालं, की वाटेत पारोळं लागतं. गावात भुईकोट किल्ला आहे, आता पडका. 1727 मध्ये हरि सदाशिव दामोदर यांनी तो बांधला. मी या गावची सून. लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला किल्ला दाखवला आणि ठसक्यात सांगितलं, की हे झाशीवाल्यांचं गाव आहे. ती नुसती बढाई नव्हती. झाशीचे नेवाळकर मूळचे कोकणातले, पण पारोळ्याची जहागीर त्यांच्या घराण्याकडे होती. म्हणजे राणी लक्ष्मीबाईंचं हे सासरकडचं गाव.

मैत्रिणींनो, राणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुतळाच येतो. उधळलेला घोडा, उपसलेली तलवार, पाठीशी बांधलेलं मूल. पण घोड्यावर असं बसायच्या आधी काय काय करावं लागतं, हे पुतळ्यात कुठे दिसतं?

मला ते सारंगखेड्याच्या यात्रेत कळलं. तापीकाठचा तो घोडेबाजार आपल्या खान्देशात सगळ्यांना ठाऊक आहे, दत्तजयंतीला भरतो. तिथे एका घोडेवाल्याची तयारी मी तासभर उभी राहून पाहिली. आधी खरारा. धूळ, चिकटलेलं कुसळ, वाळलेला घाम सगळं निघालं पाहिजे, कारण खोगिराखाली एक काडी राहिली तरी पाठ सोलवटते. मग चारी पाय उचलून खूर साफ करायचे, नाल ढिली आहे का बघायची. मग पाठीवर जाड कपडा, सुरकुती न पडता, आणि त्यावर खोगीर. शेवटी तंग, म्हणजे पोटाखालून घेतलेला पट्टा. यात गंमत आहे. पट्टा आवळताना घोडा लबाडीने पोट फुगवतो. म्हणून त्याला चार पावलं चालवायचं आणि पुन्हा आवळायचं. नाहीतर रिकिबीत पाय देताच खोगिरासकट माणूस खाली!

लक्ष्मीबाईंना हे सगळं लहानपणापासून डोळ्यांखालचं. काशीत जन्मलेली ही तांब्यांची मनू. आई भागीरथीबाई लवकर गेली आणि वडील मोरोपंतांनी तिला बिठूरला, पेशव्यांच्या वाड्यावर वाढवलं. नानासाहेबांसारख्या मुलग्यांबरोबर ती घोड्यावर बसायला शिकली. 1842 मध्ये लग्न झालं, झाशीला आली. 1851 मध्ये मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. 1853 च्या नोव्हेंबरात गंगाधरराव गेले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. त्या काळच्या विधवेने एका खोलीत बसायचं. राणी मात्र पहाटे उठून कसरत करायच्या, मल्लखांब करायच्या आणि घोडा फिरवायच्या.

वरसईचे गोडसे भटजी तेव्हा झाशीत होते. त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये राणींचा पायजमा, अंगरखा, डोक्यावरचा फेटा असं सगळं लिहून ठेवलंय. घोडा पारखण्यात त्या काळी जी दोन-तीन नावं घेतली जात, त्यांत राणींचं एक होतं. गोष्ट अशी सांगतात, की एक सौदागर दोन देखणे घोडे घेऊन आला. राणींनी दोन्हींवर बसून रिंगण घेतलं आणि एकाचे हजार, दुसऱ्याचे फक्त पन्नास रुपये सांगितले. दुसऱ्याच्या छातीला आतून इजा होती. सौदागराने मुकाट्याने कबूल केलं. मला तर ही गोष्ट लढाईच्या गोष्टींहून जास्त आवडते. बाजारात आपण वांगी दाबून बघतो ना, तीच नजर, पण केवढी तयार!

1858 च्या एप्रिलमध्ये किल्ला पडायला आला, तेव्हा 4 तारखेच्या रात्री त्या झाशीतून निघाल्या आणि काल्पी गाठली. शंभरेक मैलांची दौड. त्या रात्री एखादा तंग सैल राहिला असता तर? पुढे एका विहिरीपाशी गोडसे भटजींची गाठ पडली. राणी धुळीने माखलेल्या, तहानलेल्या. भटजी पाणी काढू लागले, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून त्यांनी स्वतःच मडकं विहिरीत सोडलं आणि ओंजळीने पाणी प्यायल्या.

जूनमध्ये ग्वाल्हेरला शेवटची लढाई झाली. त्या दिवशी नेहमीचा घोडा जवळ नव्हता, नवाच होता. त्याला ना खरारा करून ओळख झालेली, ना रिंगणावर फिरवलेलं. सोनरेखा नाल्याशी आल्यावर तो अडला, उडी घेईना. मागून इंग्रज स्वार आले. जिने घोड्याच्या छातीतलं दुखणं बसल्या बसल्या ओळखलं, तिला हा घोडा ओळखायला चार दिवसही मिळाले नाहीत.

बरोबर आठ वर्षांचा दामोदर होता. हा दत्तक मुलगा पारोळ्याच्या नेवाळकरांचाच, वासुदेवरावांचा आनंद. विश्वासू माणसांनी त्याला रानावनात लपवत वाचवलं. इकडे 1859 मध्ये इंग्रजांनी पारोळ्याचा किल्ला पाडला, झाशीवाल्यांच्या नात्याचा संशय होताच. दामोदरराव पुढे इंदूरला तुटपुंज्या पेन्शनवर राहिले. राज्य मिळालं नाहीच. 1906 मध्ये ते तिथेच वारले.