तांबडा रंग न पाहिलेला शास्त्रज्ञ : जॉन डाल्टन

वैशाखाच्या उन्हात गुलमोहर फुलला म्हणजे तो तांबडा आहे, याविषयी कोणाचे दुमत होत नाही. परंतु ज्याला आपण सारे तांबडा म्हणतो, तो रंग प्रत्येकाच्या दृष्टीस सारखाच दिसत असेल काय? लहानपणी वडीलधाऱ्या मंडळींनी फुलाकडे बोट दाखवून तो शब्द आपणांस शिकविला. शब्द सर्वांचा एक झाला. पण शब्दामागील अनुभवही एकच आहे, हे कोणी पडताळून पाहिले? हा प्रश्न ज्या पुरुषाने आपल्या स्वतःच्याच डोळ्यांना विचारला आणि त्याचे उत्तर मिळावे म्हणून मरणोत्तर ते डोळेही देऊ केले, त्याचे चरित्र आम्ही आज आमच्या बालवाचकांपुढे ठेवीत आहो.

जॉन डाल्टन यांचा जन्म 1766 च्या सप्टेंबर महिन्यात इंग्लंडच्या उत्तरेस, कंबरलंड परगण्यातील ईगल्सफील्ड या खेड्यात झाला. वडील विणकर होते. घरची स्थिती बेताचीच. हे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, साधी वस्त्रे आणि सत्य बोलणे, ही त्या पंथाची शिकवण. ज्या वयात आपली मुले इयत्ता सातवीच्या बाकावर बसतात, त्या बाराव्या वर्षी जॉन गावातील मुलांस शिकवू लागला. पंधराव्या वर्षी तो केंडल गावी गेला आणि थोरला भाऊ जोनाथन याच्यासह तेथील क्वेकर शाळेत काम करू लागला.

केंडल येथे त्याला एक विलक्षण गुरू लाभले. त्यांचे नाव जॉन गॉफ. लहानपणीच देवीच्या रोगाने त्यांची दृष्टी गेली होती; तरी गणित, भाषा आणि निसर्गविज्ञान यांत त्यांचा व्यासंग दांडगा होता. वनस्पती ते स्पर्शाने आणि वासाने ओळखीत. हवामानाची नोंद ठेवण्याची गोडी डाल्टन यांना या गुरूंच्या सहवासात अधिकच लागली. 24 मार्च 1787 रोजी त्यांनी रोजनिशी लिहावयास घेतली आणि पुढे सत्तावन्न वर्षे, मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत, ती चालविली. या काळात त्यांच्या हातून दोन लक्षांहून अधिक नोंदी झाल्या. ज्यांची दृष्टी गेलेली अशा गुरूंच्या शिष्याने रंगदृष्टीचे कोडे जगापुढे मांडावे, हा योगायोग खरोखर चिंतनीय आहे.

आपल्या दृष्टीत काही वेगळेपण आहे, हे डाल्टन यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत उमगले नव्हते. लोक रंगांची नावे गोंधळाने वापरतात, एवढेच त्यांना वाटे. वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करताना अमुक फूल निळे की गुलाबी, असे ते मनापासून विचारीत, तेव्हा ऐकणाऱ्यास ती थट्टा वाटे. 1792 साली एका सायंकाळी मेणबत्तीच्या उजेडात त्यांची नजर जिरेनियमच्या फुलावर गेली. दिवसा ते फूल त्यांना आकाशासारखे निळे दिसत असे. आता त्यात निळेपणाचा लवलेशही नव्हता! त्यांनी मित्रांना विचारले. फूल दिवसाही गुलाबी आणि रात्रीही गुलाबीच आहे, असे सर्वांनी सांगितले. केवळ जोनाथनला तो बदल दिसला. दोघे भाऊ एकीकडे आणि सारे जग दुसरीकडे!

एखादा दुसरा माणूस खजील होऊन गप्प बसला असता. डाल्टन यांनी आपल्या उणिवेलाच अभ्यासाचा विषय केले. 1793 साली ते मँचेस्टर येथे अध्यापक म्हणून गेले आणि 31 ऑक्टोबर 1794 रोजी तेथील साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे त्यांनी आपल्या रंगदृष्टीवर निबंध वाचला. इतरांना इंद्रधनुष्यात अनेक रंग दिसतात. त्यांना मुख्यतः दोनच दिसत, पिवळा आणि निळा. फार तर जांभळा तिसरा. तांबडा रंग म्हणजे त्यांच्या दृष्टीने प्रकाशाची उणीव, एक सावली. लाखेची तांबडी कांडी आणि लॉरेलचे हिरवे पान यांत त्यांना भेद दिसत नसे. हे सर्व त्यांनी श्रोत्यांची भीड न बाळगता सांगितले, याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

ते तेथेच थांबले नाहीत. आपल्यासारखे आणखी कोण आहेत, याचा त्यांनी शोध चालविला. एकदा पंचवीस विद्यार्थ्यांना हा विषय समजावून सांगितला असता त्यांपैकी दोघे त्यांच्यासारखेच निघाले. शंभर युरोपीय पुरुषांमागे सुमारे आठ जणांना असा रंगभेद कमीअधिक प्रमाणात कळत नाही, असे आजचे शास्त्र सांगते. त्या वर्गातील प्रमाणही तेवढेच भरते. अशी स्त्री मात्र त्यांना एकही आढळली नाही. स्त्रियांत हा दोष फार विरळा असतो, पण आईकडून तो मुलाकडे येऊ शकतो, हे आनुवंशिकतेचे नियम कळल्यावर पुढे स्पष्ट झाले.

असे का होते, याविषयी डाल्टन यांनी एक तर्क बांधला. आपल्या डोळ्यांच्या आतील द्रव निळसर असावा आणि तोच तांबडे किरण गिळून टाकीत असावा, असे त्यांना वाटले. पण जिवंतपणी डोळा उघडून कोण पाहणार? म्हणून आपल्या मृत्यूनंतर डोळे तपासावे, अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली.

मधल्या पन्नास वर्षांत त्यांचे नाव जगभर झाले. वायूंच्या दाबाविषयीचा त्यांचा नियम आणि 1808 साली ग्रंथरूपाने पुढे आलेला अणुसिद्धान्त आपण रसायनशास्त्रात शिकतो. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू परस्परसारखे, पण निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या अणूंचे वजन निराळे, हा विचार त्यांनी मांडला. पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एकच अणू असतो, ही त्यांची समजूत मात्र चुकीची ठरली. मानमरातब आले, तरी ते अविवाहित राहून मँचेस्टरमध्येच शिकवण्या करीत साधेपणाने राहिले. 1834 साली राजे चौथे विल्यम यांच्या भेटीचा प्रसंग आला. दरबारी पोशाखासोबत तलवार बाळगावी लागे आणि क्वेकरांना शस्त्र निषिद्ध. म्हणून ते ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टर पदवीचा झगा घालून गेले. तो झगा लालभडक होता! शांत, साध्या रंगांच्या पंथातील हा वृद्ध गृहस्थ त्या झग्यात निःशंक वावरला. कारण त्याच्या दृष्टीने त्यात भडक असे काहीच नव्हते.

27 जुलै 1844 रोजी डाल्टन यांचे देहावसान झाले. चाळीस हजारांवर लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले. त्यांच्या इच्छेप्रमाणे डॉक्टर जोसेफ रॅन्सम यांनी डोळे तपासले. एका डोळ्यातील द्रव बाहेर काढून पाहिला. तो स्वच्छ होता. दुसऱ्या डोळ्याच्या मागील बाजूस छिद्र पाडून त्यातून तांबड्या आणि हिरव्या वस्तू पाहिल्या. त्यांच्या रंगांत फरक पडला नाही. डाल्टन यांचा तर्क चुकला होता. पण डोळे जपून ठेवले गेले. दीडशे वर्षांनी लंडन आणि केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी त्यांचा सूक्ष्म अंश घेऊन आनुवंशिक द्रव्य तपासले आणि 1995 साली उत्तर प्रसिद्ध केले. आपल्या नेत्रपटलावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकी हिरव्या प्रकाशास विशेष प्रतिसाद देणारे द्रव्य घडविणारा घटक डाल्टन यांच्या ठायी नव्हता. चूक ठरलेल्या तर्कासाठी राखलेल्या डोळ्यांनीच अखेर खरे उत्तर दिले. रंगांधतेला युरोपातील कित्येक भाषांत आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

मग गुलमोहराचा तांबडा रंग तुम्हां-आम्हांस सारखाच दिसतो काय? कोणाला कोणते दोन रंग वेगळे ओळखता येतात, हे आज तपासता येते. पण तो रंग पाहताना दुसऱ्याच्या मनात नेमके काय उमटते, ते त्याच्या मनात शिरून पाहण्याची वाट अजून सापडलेली नाही.

विद्यार्थिमित्रहो, चित्रकलेच्या तासाला कोणी पाने तपकिरी रंगविली, नकाशात अरण्याच्या जागी भलताच रंग भरला, की वर्गात हशा पिकतो. त्या हशात कदाचित आम्हीही कधी सामील झालो असू. डाल्टन यांच्या प्रश्नालाही त्यांचे मित्र आधी थट्टाच समजले होते. यापुढे असा प्रसंग आला, तर हसण्याआधी त्या सोबत्याजवळ बसावे आणि त्याला काय दिसते ते विचारावे. आणि तो सोबती आपणच असलो, तर लाजून गप्प न बसता जे दिसते ते स्पष्ट सांगावे. एका विणकराच्या मुलाने एवढेच केले होते.