काळारामाच्या दारापासून संसदेपर्यंत : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या निवासी शाळेच्या कार्यालयापुढे पालकांची रांग लागते. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी असते आणि तिच्यात जपून ठेवलेले कागद असतात : जन्माचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका. एखाद्याजवळ सातबाराचा उतारा असतो. पुष्कळांजवळ तो नसतो. हे कागद तपासून घेताना ते मिळवण्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांना काय मोल द्यावे लागले, याची आठवण क्वचितच कोणाला होते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या एका सुपुत्राचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. घर, जमीन, पाणी, रस्ता, धान्य, मजुरी आणि नोकरी हे गावकुसाबाहेरचे रोजचे प्रश्न त्यांनी विधिमंडळात आणि संसदेत नेले, आणि सभागृहाने ऐकले नाही तेव्हा ते पुन्हा रस्त्यावर आणले. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. ते ज्या समाजात जन्मले त्या महार समाजाचे गावगाड्यातील स्थान ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या पुढील कार्याचा अर्थ लागत नाही. सरकारी टपाल आणि साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवणे, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराला वाट दाखवणे, त्याचे सामान वाहणे, गावची शीव राखणे ही सारी कामे वतनदार महारांकडे होती. बदल्यात थोडीशी इनाम जमीन आणि दारोदार फिरून मिळवायचे बलुते एवढेच त्यांच्या पदरी पडे. म्हणजे ज्यांच्या पायांवर खेड्यातील सरकारी कारभार चालत होता, त्यांनाच सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नव्हते आणि धर्मशाळेत मुक्काम करता येत नव्हता. रावबहादूर सी. के. बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला आणि सरकारी खर्चाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. ठराव झाला, पण खेड्यातील विहीर तशीच बंद राहिली. कागदावरचा हक्क आणि हाताला लागणारा हक्क यांतील हे अंतर तरुण भाऊरावांनी फार लवकर ओळखले. पुढे आयुष्यभर ते अंतर तोडण्याचेच काम त्यांनी केले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत ते आले आणि नाशिकचे काम त्यांच्या खांद्यावर पडले. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या समितीचे ते चिटणीस होते. मैलभर लांबीची ती शिस्तबद्ध मिरवणूक, मंदिराचे बंद दरवाजे, त्या दरवाजांपुढे बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या तुकड्या, रामनवमीच्या रथावरून झालेली दगडफेक हा इतिहास नाशिककरांना परिचित आहे. तितकासा परिचित नाही तो त्यामागचा व्याप. हा लढा एका दिवसाचा नव्हता; तो पाच वर्षे चालला. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या सत्याग्रहींच्या जेवणाची सोय, वर्गणीचा हिशेब, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची विचारपूस, बहिष्कार पडलेल्या वस्त्यांना आधार अशी अनंत कामे उरकली तेव्हा तो लढा उभा राहिला. चिटणीस या साध्या शब्दात हे सारे सामावलेले होते.

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून हा सत्याग्रह थांबवण्याचा विचार कळवला. मंदिरप्रवेश हे आपले अंतिम साध्य नव्हते, समाज जागा करण्याचे ते साधन होते, आणि यापुढे शक्ती शिक्षणावर व राजकारणावर केंद्रित करावी, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या लढ्यात ऐन तारुण्याची वर्षे वेचली तो थांबवणे कोणाही कार्यकर्त्याला जड गेले असते. भाऊरावांनी तो निर्णय शिरोधार्य मानला. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि चळवळीचा प्रवाह मंदिराच्या दारापासून कायमचा दुसऱ्या दिशेला वळला.

ती एक दिशा विधिमंडळाची होती. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाचे भाऊराव नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. सत्ता काँग्रेसकडे होती आणि हा छोटा पक्ष विरोधी बाकांवर होता. तथापि त्याने सभागृहात आणलेले विषय छोटे नव्हते. कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक, महार वतनाचा प्रश्न, कामगारांचा संपाचा हक्क यांसाठी पक्षाने सभागृहात बाजू मांडलीच, शिवाय जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. सभागृहातील विधेयकाला बाहेरच्या जनतेचे बळ हवे आणि बाहेरच्या मोर्चाला सभागृहात आवाज हवा, ही कार्यपद्धती भाऊरावांच्या अंगी येथे मुरली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यातील मनमाड या रेल्वे जंक्शनवर जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ज्यांनी रूळ टाकले आणि राखले, तो गँगमन वर्षानुवर्षे गँगमनच राहतो. स्थानकावरच्या पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरीही राबावे लागते, म्हणून अस्पृश्याला पोर्टरचीही जागा मिळत नाही, हे दुःख तेथे मांडले गेले. रेल्वेच्या डब्यात सर्व जातींचे प्रवासी शेजारी बसू लागले होते. परंतु रेल्वेच्या नोकरीत मात्र जातीच्या पायऱ्या शाबूत होत्या. सार्वजनिक सेवा सर्वांची झाली असे केव्हा म्हणावे? तिचा लाभ घेता आला म्हणजे पुरे, की ती चालवणाऱ्यांतही समान स्थान हवे? नोकऱ्यांतील राखीव जागा भरण्याचा जो आग्रह दादासाहेबांनी पुढे धरला, त्याचे मूळ या प्रश्नात आहे.

१९४२ मध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. अस्पृश्यांसाठी सरकारी पडीत जमिनीवर स्वतंत्र गावे वसवावीत, अशी मागणी त्या परिषदेने केली. महारवाड्यातील झोपडी गावाच्या मेहेरबानीवर उभी असते. जोवर राहती जागा आणि पोटाची जमीन दुसऱ्याच्या हातात आहे तोवर मतही मोकळेपणाने देता येत नाही, हा त्या मागणीमागचा अनुभव होता. १९४६ आणि १९५२ च्या निवडणुकांत फेडरेशनला मोठे अपयश आले. त्या पडत्या काळातही भाऊरावांनी नाशिकची संघटना विस्कटू दिली नाही. शांताबाई दाणी यांच्यासारखी निष्ठावंत कार्यकर्ती त्यांच्या मार्गदर्शनाखाली याच मातीत घडली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला, आणि अवघ्या काही महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात फेडरेशन समितीबरोबर होते. १९५७ मध्ये नाशिकच्या मतदारांनी दादासाहेबांना लोकसभेत पाठवले. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या शहराने ज्यांच्या तोंडावर मंदिराचे दरवाजे बंद केले होते, त्यांनाच त्या शहराने सर्व जातिधर्मांच्या मतांनी आपला प्रतिनिधी केले. नाशिकच्या सामाजिक इतिहासात या घटनेचे मोल आम्हांला काळारामाच्या सत्याग्रहाहून कमी वाटत नाही.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला भारतीय रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दादासाहेब त्याचे प्रमुख नेते ठरले. लोकसभेत आणि १९६२ ते १९६८ या काळात राज्यसभेत त्यांनी भूमिहीनांचा, नवदीक्षित बौद्धांचा आणि राखीव जागांचा पक्ष मांडला. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील महार वतने संपली आणि राबणुकीचा जुना फास सुटला. परंतु वतनातून सुटलेला माणूस शेतमजूर म्हणूनच उरला. गावोगाव पडीत आणि गायरान जमीन होती, ती कसायला तयार असलेले हात होते, आणि त्या दोहोंच्या मध्ये सरकारी दप्तर उभे होते. म्हणून १९५९ मध्ये दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. नाशिक, खानदेश, अहमदनगर, मराठवाडा येथील हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. लोकसभेचा सदस्य तुरुंगाच्या वाटेवर सर्वांच्या पुढे चालला. संसदेचे सदस्यत्व त्यांनी मानाची जागा म्हणून कधी मिरवले नाही.

याच काळात पक्षात फूट पडली. दुरुस्त आणि नादुरुस्त अशी नावे दोन गटांना मिळाली. बॅ. बी. सी. कांबळे प्रभृतींचा एक गट, आणि दादासाहेबांचा नादुरुस्त म्हणून हिणवला गेलेला दुसरा. भूमिहीनांसाठी डाव्या पक्षांच्या हातात हात घालावा की नाही, घटनात्मक मार्ग पुरेसा आहे की सत्याग्रह हवा, असे वादाचे मुद्दे होते. या भांडणाने समाजाची शक्ती विभागली, हे कबूल केले पाहिजे. पण भाकरीचा प्रश्न हा चळवळीचा मुख्य प्रश्न आहे, हे म्हणणे दादासाहेबांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

त्याचा कळस १९६४ मध्ये झाला. त्या वर्षी ऑक्टोबरच्या प्रारंभी पक्षाने दिल्लीत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे चित्र लावावे. कसणाऱ्याला जमीन मिळावी. पडीत जमीन भूमिहीनांना द्यावी. धान्याचे वाटप नीट व्हावे आणि महागाईला आळा बसावा. झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारावी. १९४८ चा किमान वेतन कायदा पुरेपूर अमलात यावा. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात. दलितांचा छळ थांबावा. अस्पृश्यता गुन्हे कायद्याखाली खरा न्याय मिळावा. आणि नोकऱ्यांतील राखीव जागा १९७० पर्यंत भरल्या जाव्यात. वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. दहांतील एकच मागणी सन्मानाच्या प्रतीकाची आहे. बाकीच्या नऊ जमीन, धान्य, निवारा, मजुरी, न्याय आणि नोकरीच्या आहेत, आणि त्यांतील कित्येक कोणत्याही जातीच्या गरिबाला लागू पडाव्यात अशा आहेत. ६ डिसेंबर १९६४ रोजी, महापरिनिर्वाणदिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. लाखो लोकांनी अटक करून घेतली. पुढील फेब्रुवारीत सरकारच्या आश्वासनानंतर तो थांबला.

या मागण्यांचे पुढे काय झाले, हे पाहणे हेच दादासाहेबांच्या संसदीय कार्याचे खरे मोजमाप होय. झोपडपट्टी सुधारणेचा महाराष्ट्राचा कायदा १९७१ मध्ये झाला. गायरानावरील दलित-आदिवासींची जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला. बौद्धांना महाराष्ट्रात सवलती राज्याच्या स्थापनेबरोबर मिळाल्या होत्या. केंद्रात मात्र त्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. आमच्या शाळेचे जे जुने विद्यार्थी त्याआधी रेल्वे, टपाल वा बँकेच्या नोकरीसाठी अर्ज करीत होते, त्यांना या दिरंगाईचा अर्थ निराळा सांगायला नको. बौद्ध म्हणून नोंद करावी तर केंद्रातील राखीव जागा हातची जावी, आणि जागा राखावी तर धम्म लपवावा, असा तो पेच होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे चित्रही लागले. ते पाहायला दादासाहेब हयात नव्हते.

आयुष्याच्या उत्तरार्धात, १९६७ च्या सुमारास, त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. जन्मभर विरोधी बाकांवर बसलेल्या नेत्याने सत्ताधाऱ्यांशी हातमिळवणी करावी, हे अनेक निष्ठावंतांना रुचले नाही. पक्षाचे पुढे जे तुकडे झाले त्यांचा दोष या निर्णयाकडेही जातो. विरोधात राहून समाजाच्या पदरी तुरुंगच पडतो, तेव्हा थोडीफार सत्ता हाती घेऊन कामे करून घ्यावीत, असा त्यांचा हिशेब असावा. तो हिशेब चुकला असे आम्हांलाही वाटते. पण तो स्वार्थाचा होता असे वाटत नाही. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

२००४ पासून महाराष्ट्रात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळावी, असा तिचा हेतू आहे. योजना चांगली आहे. पण विकत घ्यायला जमीन मिळत नाही म्हणून कित्येक अर्ज पडून राहतात. बोले ठरावाच्या वेळचे ते कागद आणि हक्क यांतील अंतर अजून पुरते मिटलेले नाही.

म्हणूनच आमची आमच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणी तलाठी आहेत, कोणी ग्रामसेवक, कोणी तहसील कचेरीत, कोणी एस. टी. महामंडळात, कोणी नगरपालिकेत. दादासाहेबांनी ज्या टेबलांपर्यंत पोचण्यासाठी तुरुंग भोगला, त्या टेबलांच्या पलीकडे आज आपण बसलो आहोत. आपल्यापुढे जेव्हा पिशवीतून कागद काढणारा एखादा बाप उभा राहील, तेव्हा त्याला उद्या या म्हणू नये. दादासाहेबांचे स्मरण याहून वेगळ्या रीतीने करण्याची गरज आम्हांला दिसत नाही.

त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.