अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष हायकोर्टाचे जज झाले, पण सरकारची री ओढली नाही

गोष्ट डिसेंबर १८९७ ची. अमरावतीत काँग्रेसचं तेरावं अधिवेशन भरलं होतं. स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. तीनच महिन्यांपूर्वी मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली होती. अशा वातावरणात अध्यक्षपदावरून सरकारच्या अरेरावीवर टीका करणारे, स्वराज्य मागणारे चाळीस वर्षांचे मद्रासी वकील म्हणजे चेत्तूर शंकरन नायर.

पुढे हेच नायर हायकोर्टाचे जज झाले. ते कसे?

वऱ्हाडात तेव्हा हायकोर्ट नव्हतं. अमरावती-अकोल्याची वरची अपिलं ज्युडिशियल कमिशनरकडे जायची. मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यात मात्र १८६१ च्या कायद्याने हायकोर्टं आली होती. वकिलाला जज व्हायचं तर त्या कायद्यात दहा वर्षांच्या वकिलीची अट होती. चारित्र्याबद्दल अट नव्हती. हंगामी जज इथलं सरकार नेमायचं, कायम करणं मात्र ब्रिटिश राजसत्तेच्या हातात. कायम झालेला जजही राजाची मर्जी असेपर्यंतच खुर्चीवर. म्हणजे माणूस प्रामाणिक आहे की फक्त निष्ठावान, हे ठरवणार सरकारच.

नायर काही वेळा हंगामी जज झाले, मद्रासचे अॅडव्होकेट जनरलही झाले. कायम नेमणूक मिळाली १९०८ मध्ये, म्हणजे अमरावतीनंतर ११ वर्षांनी. पुढे कलेक्टर अॅश यांच्या खुनाचा खटला तिघा जजांपुढे चालला. मारला गेलेला अधिकारी सरकारचा, तरी नायर यांनी आपलं वेगळं निकालपत्र लिहिलं.

१९१५ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. १९१९ मध्ये जालियनवाला बाग घडली आणि पंजाबात लष्करी कायदा सुरूच राहिला. मंडळात नायर हे एकटेच भारतीय होते. त्यांनी राजीनामा दिला.

१९२२ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यात गांधीजींच्या असहकारावर टीका होती, तसंच पंजाबातल्या अत्याचारांसाठी तिथले माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर यांना जबाबदार धरलं होतं. ओडवायर यांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९२४ मध्ये एकेकाळचा हा जज स्वतः प्रतिवादी होता. समोर बसलेले न्यायमूर्ती मॅकार्डी यांनी जनरल डायरला झालेली शिक्षा चुकीची होती, असं ज्युरीला उघड सांगितलं. ज्युरीतले अकरा जण नायर यांच्या विरोधात गेले, एकच बाजूने. ५०० पौंड भरपाई आणि खटल्याचा खर्च डोक्यावर बसला. माफी मागितली तर पैसे सोडायला ओडवायर तयार होते. नायर यांनी पैसे भरले.

१९३४ मध्ये ते वारले. दोन वर्षांनी नागपूरला हायकोर्ट आलं आणि अमरावती-अकोला त्याखाली गेले.

आज हायकोर्टाचा अतिरिक्त जज जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमतात. कायम करताना कॉलेजियम त्याची निकालपत्रं पाहतं. पण नायर यांचा राजीनामा आणि नाकारलेली माफी १९०८ च्या कुठल्याच फाइलीत दिसली नसती.