रास्त भावाचा विवेक : इमाम इब्ने तैमिया (रह.)

इस्लामने व्यापार हलाल ठरविला, परंतु नफ्याला न्यायाची मर्यादाही घातली. ही मर्यादा बाजारात नेमकी कोठे येते, याचा सखोल विचार करणाऱ्या विद्वानांत इमाम इब्ने तैमिया (रह.) यांचे स्थान मोठे आहे.

त्यांचा जन्म हिजरी सन ६६१ (इ.स. १२६३) मध्ये हर्रान येथे एका विद्वान घराण्यात झाला. मंगोलांच्या स्वाऱ्यांमुळे १२६९ मध्ये हे कुटुंब घरदार सोडून दमिश्कला आले. वडिलांच्या निधनानंतर विशीतच त्यांनी अध्यापनाची धुरा सांभाळली. मंगोल बादशहा गाझान दमिश्कवर चालून आला, तेव्हा रयतेला अभय मिळावे म्हणून त्याच्यासमोर निर्भयपणे बोलणाऱ्यांत ते होते.

‘अल-हिस्बा फिल-इस्लाम’ या ग्रंथात त्यांनी बाजारावरील देखरेखीची तत्त्वे मांडली. वजनमापे तपासणे व भेसळ रोखणे हे मुहतसिब या अधिकाऱ्याचे काम असे. पण त्याने भावही ठरवावेत काय?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी मदीनेत महागाई झाली असता लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली होती. प्रेषितांनी ती मान्य केली नाही. कोणाच्याही संपत्तीवर अन्याय केल्याचा दावा घेऊन अल्लाहपुढे उभे राहणे त्यांना नको होते. यावरून अनेक फकीहांनी भावनियंत्रण सर्वथा निषिद्ध मानले. इमामांनी मात्र या हदीसची पार्श्वभूमी तपासली. माल कमी आला किंवा गिऱ्हाइके वाढली, म्हणून भाव चढला, तर त्यात व्यापाऱ्याचा दोष नाही. अशा वेळी त्याला ठरावीक भावाने विकायला लावणे हा जुलूम होय. परंतु लोकांना धान्याची निकड असताना कोणी ते दडवून ठेवील, अथवा विक्रीचा हक्क मोजक्याच लोकांच्या हाती असेल, तर त्यांना रास्त भावाने विकायला लावणे हाच न्याय आहे.

रास्त भाव म्हणजे तशाच वस्तूला त्या स्थळी व त्या काळी सामान्यतः मिळणारा मोबदला. हाच निकष त्यांनी मजुरीलाही लावला : गरजेच्या वेळी कारागिराने अवाजवी मागू नये आणि काम करवून घेणाऱ्यानेही त्याचा हक्क कमी करू नये. घासाघीस न जाणणाऱ्या भोळ्या गिऱ्हाइकाकडून इतरांपेक्षा अधिक घेणेही त्यांनी गैर ठरविले. भाव ठरवायचाच असेल, तर प्रमुख व्यापारी व इतर जाणकार यांना एकत्र बसवून, खरेदी-विक्रीची चौकशी करून, सर्वांच्या संमतीने ठरवावा, या पूर्वीच्या फकीहांच्या रीतीचा त्यांनी आधार घेतला. व्यापाऱ्याला काहीच नफा उरला नाही, तर माल दडविला जातो आणि हाल अखेर जनतेचेच होतात.

मतांबद्दल त्यांना कैरो, अलेक्झांड्रिया व दमिश्क येथे अनेकदा कैद भोगावी लागली. अखेरच्या कैदेत लेखनसाहित्यही काढून घेण्यात आले. १३२८ मध्ये दमिश्कच्या किल्ल्यातच त्यांचे निधन झाले.

दुकानदार, गिऱ्हाईक, मालक, मजूर आणि शासनकर्ता या प्रत्येकाच्या हातून अन्याय घडू शकतो, हे त्यांच्या विचारांचे सार आहे. सौदा करताना समोरच्याच्या अडचणीचा फायदा आपण घेत नाही ना, हे प्रत्येकाने तपासावे. अल्लाह आपल्या कमाईत हलाल व बरकत देवो. आमीन.